नागपूरहून उडणाऱ्याने विमान कंपनीचं कार्ड कधी बदलावं?

दसरा उलटला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, पुलगाव या पट्ट्यातल्या जिनिंगांपुढे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांपुढे, कापसाच्या गाड्या लागतात. त्याच सुमारास इथले गाठींचे व्यापारी, दलाल आणि मशिनरी बसवणारे लोक नागपूरच्या विमानतळावर जास्त दिसू लागतात. कोणाला रुईचे नमुने घेऊन कोइमतूरच्या गिरणीत पोचायचं असतं, कोणाला मुंबईत बँकेच्या कर्जमर्यादेचं बोलायचं असतं, कोणाचा सौदा अहमदाबादला अडलेला असतो. यातले बरेच जण वर्षानुवर्षं एकाच विमान कंपनीचं कार्ड बाळगून आहेत. त्यांच्याकडून मला वारंवार एकच प्रश्न येतो: "भाऊ, पॉइंट तं लय जमले, पण कामाले कधी येत नाहीत. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेऊ का?"

हो किंवा नाही एवढ्यात याचं उत्तर देता येत नाही, कारण त्या एका कार्डात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि कंपनी बदलताना त्या तिन्हींचं वेगवेगळं होतं.

पहिली गोष्ट पॉइंट. तिकिटावर खर्च केला की ते जमतात आणि पुढे त्यातून तिकीट घेता येतं. दुसरी गोष्ट दर्जा, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड वगैरे. एका ठरावीक काळात तुम्ही किती उडालात किंवा किती खर्च केला यावर तो मिळतो आणि ठरावीक काळच टिकतो. काउंटरवर वेगळी रांग, जास्तीचं सामान, पुढची जागा हे सगळं दर्जामुळे मिळतं, पॉइंटमुळे नाही. तिसरी गोष्ट त्या कंपनीचे इतर कंपन्यांशी असलेले करार. त्यांच्यामुळे एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या विमानातही चालतं.

कंपनी बदलली की पॉइंट जुन्याच खात्यात राहतात. ते उचलून सहसा दुसरीकडे नेता येत नाहीत. दर्जा मात्र काही वेळा नेता येतो. नवी कंपनी जुन्या कंपनीचा दर्जा पाहून आपल्याकडे तसाच दर्जा देऊ शकते. कराराचं तर अख्खं जाळंच बदलतं. लोक बहुतेक पॉइंटांत अडकतात आणि दर्जाचा विचारच करत नाहीत. माझ्या मते नेमकं उलटं व्हायला हवं.

पॉइंटचा भाव कोण ठरवतं

पॉइंट देण्याच्या अशा योजनेला कंपन्या कार्यक्रम म्हणतात; मोठ्या प्रमाणावर चाललेला पहिला असा कार्यक्रम अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात सुरू केला. तेव्हाचा हिशेब सरळ होता, जितके मैल उडाल तितके मैल खात्यात. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की स्वस्त तिकिटावर लांब उडणाऱ्याला आपण महाग तिकीट घेणाऱ्याइतकंच देतो आहोत. म्हणून अमेरिकेत २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनेही अंतराऐवजी खर्चावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे एअर इंडियाने २०२४ च्या एप्रिलमध्ये हाच मार्ग धरला. त्यांचा फ्लाइंग रिटर्न्स हा जुना कार्यक्रम आता महाराजा क्लब या नावाने चालतो. इंडिगोने बरीच वर्षं असा कार्यक्रम ठेवलाच नव्हता. २०२४ मध्ये त्यांनी ब्लूचिप नावाने तो आणला.

या बदलाचा आपल्या भागातल्या माणसावर थेट परिणाम होतो. गिरणीतून अचानक बोलावणं येतं आणि आपण उद्याचं तिकीट आज काढतो. ते महाग पडतं आणि त्यावर पॉइंटही जास्त मिळतात. तोच प्रवास महिनाभर आधी ठरवणाऱ्याला कमी मिळतात. पण एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. पॉइंट साधारणपणे मूळ भाड्यावर आणि कंपनीच्या स्वतःच्या अधिभारावर मिळतात. विमानतळाचं शुल्क आणि जीएसटी यांवर मिळत नाहीत. त्यामुळे तिकिटावरची एकूण रक्कम धरून हिशेब केला तर तो नेहमी फुगलेला येतो.

आता भावाचं बोलू. आपल्याकडे शेतकरी कधीकधी जिनिंगमध्ये कापूस टाकून येतो आणि भाव नंतर पाडायचा, म्हणजे पक्का करायचा, ठरतो. पॉइंटांचं तसंच आहे, फक्त इथे भाव पाडायच्या वेळी तुम्हाला बोलावलं जात नाही. आज मुंबईच्या तिकिटाला लागणारे पॉइंट उद्या वाढले तर तो बदल मान्य करण्याशिवाय तुमच्या हातात काही नसतं, कारण तशी अट तुम्ही सभासद होतानाच स्वीकारलेली असते. म्हणून पॉइंट साठवण्यात शहाणपण नाही असं मी सगळ्यांना सांगतो. बँकेतल्या पैशावर व्याज तरी मिळतं. पॉइंट पडून राहिले तर त्यांची किंमत घटण्याचीच शक्यता जास्त.

आणि कंपनीच बुडाली तर? ही भीती खोटी नाही. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली आणि त्यांच्या किंग क्लबच्या पॉइंटांना काही अर्थ उरला नाही. जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद पडली. पण त्यांचा जेटप्रिव्हिलेज हा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे होता, म्हणून तो इंटरमाइल्स हे नाव घेऊन पुढे चालला. पॉइंट वाचले, पण ज्यासाठी ते जमवले होते ती विमानं राहिली नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक या हिशेबाने नव्या खात्यात गेले. तिघांचे तीन शेवट झाले, आणि तिन्ही वेळा सभासदाला कोणी विचारलं नव्हतं.

शंभर रुपयांमागे हाती काय येतं

कार्ड बदलायचं की नाही हे ठरवण्याआधी एक आकडेमोड करून पाहावी. पुढचे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत. त्यांच्या जागी स्वतःच्या खात्यातले घालायचे.

समजा, नागपूर ते मुंबई तिकीट पैसे देऊन घेतलं तर ६,००० रुपयांना पडतं. तेच तिकीट पॉइंटवर घेतलं तर १०,००० पॉइंट लागतात आणि कर, शुल्काचे १,००० रुपये वेगळे भरावे लागतात. म्हणजे १०,००० पॉइंटांनी तुमचे ५,००० रुपये वाचवले. एका पॉइंटची किंमत झाली ५० पैसे. आता समजा मूळ भाड्याच्या दर १०० रुपयांमागे ६ पॉइंट मिळतात. त्यांची किंमत ३ रुपये. थोडक्यात तुम्हाला मिळणारा परतावा आहे ३ टक्के.

आता या आकड्याकडे बघा. ६,००० च्या तिकिटावर मूळ भाडं ५,००० धरलं तर पॉइंटांच्या रूपाने तुम्हाला मिळतात १५० रुपये. दुसऱ्या कंपनीचं तिकीट ५०० रुपयांनी स्वस्त असताना या १५० रुपयांसाठी जुन्या कंपनीला धरून राहण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कंपनीचं शेवटचं विमान उशिरा असल्यामुळे मुंबईतला एक मुक्काम वाचत असेल, तर हॉटेलच्या खर्चापुढे हे १५० रुपये कुठेच राहत नाहीत.

पॉइंटचा भाव प्रत्येक तिकिटाला वेगळा निघतो हेही खरं. दिवाळीत किंवा लग्नसराईत रोखीचं भाडं भडकलेलं असताना पॉइंटच्या जागा उपलब्ध असतील, तर तोच पॉइंट दुप्पट किमतीचा ठरू शकतो. काही कार्यक्रमांत पॉइंटही भाड्याच्या मागे मागे वाढतात, मग हा फायदा मिळत नाही. दोन-चार तारखा टाकून पाहिलं की आपला कार्यक्रम कोणत्या जातीचा आहे ते कळतं.

या ३ टक्क्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवायला हवा. तो आपल्याकडचे फार थोडे लोक ठेवतात याची मला खंत वाटते. इकॉनॉमी वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी लागतो. धंद्यासाठी प्रवास करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने तिकीट काढतानाच आपला जीएसटी क्रमांक टाकला, तर कंपनीचं बिल त्याच्या नावाने निघतं आणि तो कर त्याला आपल्या देण्यातून वजा करून घेता येतो. गाठींचा व्यापार करपात्र असल्याने जिनिंगवाल्याला हे लागू पडतं. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याला मात्र नाही, कारण ताजी फळं करमुक्त आहेत आणि करमुक्त मालासाठी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. बिझनेस वर्गाच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तिथे ही वजावट आणखी मोठी. पॉइंटच्या ३ टक्क्यांसाठी कार्डं बदलत राहायचं आणि ५ टक्क्यांचा जीएसटी क्रमांक टाकायचा विसरायचं, हा नफ्याचा व्यवहार नाही. तिकीट एजंट काढत असेल तर हा क्रमांक त्याच्याकडे एकदाच लिहून द्यावा आणि बिल महिन्याच्या महिन्याला हिशेबनिसाकडे पोचतं की नाही ते पाहावं.

जीएसटी क्रमांक असला की इंडिगो आणि एअर इंडिया या दोन्ही मोठ्या कंपन्यांकडे व्यावसायिकांसाठीचं वेगळं भाडंही मिळू शकतं. त्यात तारीख बदलण्याचं शुल्क सहसा कमी असतं. सौदा एक दिवस पुढे ढकलला जाणं आपल्या धंद्यात नवं नाही, तेव्हा ही सवलत पॉइंटपेक्षा जास्त वेळा कामी येते.

कार्ड विमानतळ पाहून घ्यायचं

मुंबई-दिल्लीच्या माणसाला चार कंपन्यांतून निवड करता येते. त्यांच्यासाठी लिहिलेले सल्ले आपल्याला फारसे उपयोगी पडत नाहीत. वणीहून निघालेला माणूस वरोरा, जाम, बुटीबोरी करत सोनेगावच्या विमानतळावर पोचतो तेव्हा त्याचे दोन-तीन तास रस्त्यातच गेलेले असतात. गडचिरोलीहून येणाऱ्याचे त्याहून जास्त. त्याच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट विमानाची वेळ आहे. घरून पहाटे निघून दुपारी कामाच्या ठिकाणी आणि शक्य झालं तर रात्री परत घरी, हे ज्या कंपनीच्या वेळापत्रकात बसतं तीच त्याची कंपनी.

नागपूरहून उडणाऱ्या विमानांत इंडिगोची विमानं सर्वाधिक आहेत. पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशा शहरांकडे जाणाऱ्याला बहुतेक वेळा तीच घ्यावी लागते. एअर इंडियाचा भर मुख्यतः दिल्ली आणि मुंबईवर राहिलेला आहे. म्हणजे तुमचा प्रवास मुंबई-दिल्लीपुरता असेल तर निवडीला जागा आहे. दक्षिणेकडे जास्त असेल तर दुसऱ्या कंपनीचं गोल्ड कार्ड खिशात असूनही वर्षातले बरेच दिवस ते खिशातच राहील.

गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून इंडिगोने १ डिसेंबर २०२३ ला हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू केली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, ती अलायन्स एअरची. इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा होतो. अलायन्स एअर एकेकाळी एअर इंडियाची होती, म्हणून लोकांना वाटतं की एअर इंडियाचं कार्ड तिथेही चालेल. पण एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली आणि २०२२ च्या एप्रिलपासून तिची तिकीटविक्रीही वेगळी झाली. तेव्हा बेलोऱ्याहून उडणाऱ्याने एअर इंडियाचे पॉइंट आणि दर्जा गृहीत धरू नयेत.

कोइमतूरसारख्या ठिकाणी जायला नागपूरहून मध्ये विमान बदलावं लागतं. तिथे एका कंपनीला धरून राहण्याचं खरं कारण पॉइंट नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं काढली असतील तर पहिल्याच्या उशिराशी दुसरीला देणंघेणं नसतं. पुढचं तिकीट बुडतं आणि गिरणीतला माणूस वाट पाहत राहतो.

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा अनेकांनी कार्ड बदलण्याचं मनावर घेतलं. राग समजण्यासारखा होता. कापसाचा ऐन हंगाम होता आणि लोक विमानतळांवर अडकले होते. पण ज्या शहराकडे बहुतेक विमानं एकाच कंपनीची आहेत, तिथे तिचं कार्ड सोडून दिलं तरी बसावं लागणार तिच्याच विमानात. अशा वेळी खरा उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं फुकटचं खातं उघडून ठेवणं. सभासद होण्यासाठी पैसे लागत नाहीत. मुख्य कार्ड एक आणि दुसरं तयार, एवढं नागपूरच्या माणसाला पुरेसं आहे. तीन-चार ठिकाणी पॉइंट विखुरले तर कुठेच तिकिटापुरते जमत नाहीत.

दर्जा सोबत नेणं

एवढं सगळं पाहूनही बदलायचं ठरलं, तर दर्जाचं काम आधी करायचं. जुन्या कंपनीत तुम्ही गोल्ड असाल आणि तो दर्जा अजून चालू असेल, तर नवीन कंपनीकडे बरोबरीचा दर्जा मागता येतो. याला स्टेटस मॅच म्हणतात. प्रत्येक कंपनी तो देतेच असं नाही आणि देणारीही बारा महिने देते असं नाही. त्यामुळे जुनं कार्ड जिवंत असतानाच चौकशी करायची. दर्जा संपल्यावर दाखवायला काही उरत नाही.

काही कंपन्या कार्ड आणि गेल्या वर्षाच्या उड्डाणांचा उतारा पाहून लगेच दर्जा देतात. काही जणी तात्पुरता दर्जा देऊन एक मुदत घालतात, बहुधा तीन महिन्यांच्या आसपास. तेवढ्यात ठरलेली उड्डाणं केली तर दर्जा पक्का होतो, नाही तर जातो. जगात काही ठिकाणी शुल्क घेऊनही हे केलं जातं. जुना दर्जा स्वतः उडून मिळवलेला असावा, दुसरीकडून मॅच करून आणलेला नसावा, अशी अटही बऱ्याच ठिकाणी असते.

मुदतीची अट असेल तर अर्ज कधी करायचा हा प्रश्न फार महत्त्वाचा होतो, आणि इथे आपल्या धंद्याचं वर्ष कामी येतं. जिनिंगवाल्याचा प्रवास ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत भरगच्च असतो आणि उन्हाळ्यानंतर जवळजवळ थांबतो. त्याने जूनमध्ये अर्ज केला तर तीन महिने पेरणी आणि पावसात जातील आणि मुदत संपेल. तोच अर्ज हंगाम उघडताना केला तर जे प्रवास तसेही करायचेच होते त्यातच अट पूर्ण होईल. बियाणं किंवा खतांच्या कंपनीत काम करणाऱ्याचं याच्या उलट, त्याची धावपळ पावसाळ्याच्या आधी असते. आपल्या कामाचा वर्षाचा आलेख डोळ्यांसमोर ठेवून मगच तारीख ठरवावी. बहुतेक कंपन्या एका माणसाला ही सोय एकदाच देतात किंवा काही वर्षांच्या अंतराने देतात, त्यामुळे ही संधी चुकीच्या महिन्यात घालवणं परवडत नाही.

दर्जातून काय मिळतं याबद्दलही स्पष्ट असायला हवं. जास्तीचं सामान आपल्या लोकांच्या खऱ्या उपयोगाचं आहे. देशातल्या इकॉनॉमी तिकिटावर साधारण १५ किलो सामान नेता येतं. त्यात रुईच्या नमुन्यांची पाकिटं बसतात, पण जिनिंगच्या मशीनचा एखादा सुटा भाग सोबत घेतला की वजनाची मर्यादा ओलांडली जाते. लाउंजसाठी, म्हणजे विमानतळावरच्या बसण्या-खाण्याच्या दालनासाठी, दर्जाच्या मागे लागण्याची गरज नाही, तो अनेक बँकांच्या कार्डांवरही मिळतो. आणि गोल्ड असो की प्लॅटिनम, देशातल्या विमानासाठी काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो तो होतोच. समोरची रांग चुकते, पण बुटीबोरीजवळ ट्रकांत अडकलेल्या गाडीसाठी तो तास कोणी वाढवून देत नाही.

परदेशी जाणाऱ्यासाठी हिशेब वेगळा होतो. जगातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या तीन गटांत वाटलेल्या आहेत: १९९७ चा स्टार अलायन्स, १९९९ चा वनवर्ल्ड आणि २००० चा स्कायटीम. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. इंडिगो कोणत्याच गटात नाही, तिचे काही परदेशी कंपन्यांशी स्वतंत्र करार आहेत. कापसाची मशिनरी बसवायला आफ्रिकेत जाणारे आपल्याकडचे तंत्रज्ञ अनेकदा इथिओपियन एअरलाइन्सने जातात. ती स्टार अलायन्सची सदस्य आहे, म्हणजे त्या तिकिटावर एअर इंडियाचा सभासद क्रमांक टाकता येतो. एअर इंडियाचा गोल्ड दर्जा असेल तर त्या गटातल्या इतर कंपन्यांकडेही लाउंज आणि जास्तीचं सामान मिळतं. अशा माणसाने देशात दोन-पाच प्रवास इंडिगोने करावे लागतात म्हणून एअर इंडियाचं कार्ड सोडणं मला पटत नाही. दोह्यावरून जाणाऱ्याचं चित्र निराळं: कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये आहे, तिचे पॉइंट एव्हिऑस या नावाने चालतात आणि ते ब्रिटिश एअरवेजच्या खात्यातही हलवता येतात. एक उड्डाण एकाच कार्यक्रमात नोंदवता येतं, त्यामुळे कोणता क्रमांक टाकायचा हे तिकीट काढतानाच ठरवायचं. सवलतीच्या तिकिटांवर भागीदार कंपनीकडून कमी पॉइंट मिळू शकतात, तेही तेव्हाच पाहून घ्यावं.

जुनं खातं आवरताना

पॉइंटांचं आयुष्य आधी तपासायचं. काही ठिकाणी पॉइंट मिळाल्याच्या तारखेपासून मुदत मोजतात, काही ठिकाणी मध्ये एखादं उड्डाण केलं की मुदत पुढे जाते. दुसरा प्रकार असेल तर घाई नाही, जुन्या कंपनीने वर्षाकाठी एक फेरी पुरते. पहिला असेल तर ते संपवायचे. बऱ्याच कार्यक्रमांत आपल्या पॉइंटवर घरच्यांचं तिकीट काढता येतं, काहींत नातेवाइकाचं नाव आधी नोंदवावं लागतं. आईवडिलांना तिरुपतीला किंवा काशीला नेण्याचं मनात असेल तर उरलेल्या पॉइंटांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. कंपनीच्या साइटवरून पॉइंटांत मिक्सर किंवा बॅग घेणं मात्र टाळावं. तिथे एका पॉइंटला मिळणारा भाव सहसा तिकिटापेक्षा बराच कमी असतो. पॉइंट कोणा एजंटाला विकणं तर मुळीच नको, ते नियमाविरुद्ध आहे आणि खातंच बंद होऊ शकतं.

क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांबाबत एक पथ्य पाळावं. बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे पाठवता येतात, पण एकदा गेलेले सहसा परत येत नाहीत. म्हणून ते बँकेतच राहू द्यावेत आणि हवी ती जागा, हवी त्या तारखेला समोर दिसल्यावरच पाठवावेत. कंपनी बदलण्याची शक्यता असेल तेव्हा तर हे आणखी गरजेचं, कारण बँकेतले पॉइंट कोणत्याही एका विमान कंपनीला बांधलेले नसतात. विमान कंपनीचं नाव असलेलं क्रेडिट कार्ड असेल तर त्याची वार्षिक फी कोणत्या महिन्यात लागते ते पाहून त्याच्या आधी निर्णय घ्यावा.

नवीन खातं उघडताना सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा होतो. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असतं, पासपोर्टवर तेच वेगळ्या रकान्यांत विभागलेलं असतं, आणि एजंट तिकिटावर मधलं नाव गाळून टाकतो. खात्यातलं आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही तर उड्डाणाचे पॉइंट जमाच होत नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हे हमखास घडतं. परदेशी जाणारे असाल तर पासपोर्टप्रमाणे नाव ठेवा आणि एजंटालाही तेच द्या.

तालुक्याच्या गावात तिकीट एजंटाकडून निघतं, आणि खात्याला मोबाइल व ईमेलही त्याचाच जोडलेला असतो. मग पॉइंट वापरायच्या वेळी ओटीपी त्याच्याकडे जातो. दुकान बंद झालेलं असेल किंवा नंबर बदललेला असेल तर खातं उघडतच नाही. मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. एजंटाने गटाच्या तिकिटांतून काढून दिलेल्या स्वस्त जागेवर पॉइंट मिळत नसण्याची शक्यता असते, ते त्याला तिकिटाआधीच विचारा. ऑफिसने पैसे भरलेल्या तिकिटाचे पॉइंट सहसा प्रवास करणाऱ्याच्या खात्यात जातात, पण त्यासाठी त्याचा सभासद क्रमांक तिकिटावर असावा लागतो. क्रमांक टाकायचा राहून गेला तर उड्डाणानंतर ठरावीक महिन्यांत पॉइंट मागून घेता येतात. पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास आणि तिकीट क्रमांक जपून ठेवावा.

आणि "तुमचे पॉइंट आज रात्री बाद होणार" असा मेसेज लिंक किंवा एखादं ॲप उतरवण्याच्या सूचनेसह आला, तर त्यावर बोट लावू नका. कंपनीच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन शिल्लक पाहा. चुकून माहिती दिली गेली आणि बँकेतून पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही लगेच कळवा.